अर्ध्या चिमट्यांची ऑर्डर

कपडे वाळत घालायच्या चिमट्यांवरून कुणाच्या घरात भांडण होतं का? होतं. ज्या घराचं पोट चिमट्यांवर चालतं त्या घरात होतं, आणि वहिनींच्या घरात ते गेलं वर्षभर चालू होतं.

वहिनींना सगळे वहिनीच म्हणत. कारखान्यातल्या बायका, लाकूडवाला, टपालवाला, शेजारची म्हातारी, सगळे. कारखाना म्हणायचं ते मान द्यायचा म्हणून. खरं तर ती एक लांबलचक पत्र्याची शेड होती. एका टोकाला करवत, मग पट्ट्यांना खाच पाडायचं यंत्र, मग त्या पट्ट्या घासून गुळगुळीत करणाऱ्या बायकांची रांग, आणि दुसऱ्या टोकाला खिडकीपाशी स्प्रिंगा वळायचं यंत्र. हे यंत्र वहिनींच्या नवऱ्यानं, म्हणजे भाऊंनी, भंगारातल्या शिलाई मशीनचे आणि कुठल्या कुठल्या पंपाचे भाग जोडून स्वतः उभं केलं होतं. रोज संध्याकाळी शेड बंद करायच्या आधी ते यंत्र फडक्यानं पुसायचे. कुणी लहान बाळाचं तोंडही इतक्या मायेनं पुसत नसेल.

भाऊ सज्जन होते आणि अबोल होते. त्यातही मोठा भाऊ, दादा, समोर आला की त्यांच्या तोंडाला कुलूपच लागायचं. दादांनी विचारायचं, भाऊंनी मान हलवायची आणि दादांनी त्या मानेचा हवा तो अर्थ काढायचा, असा त्या घरातला शिरस्ता होता. शेड दोघा भावांच्या नावावर होती. दादांचं फरशांचं दुकान होतं, जोरात चालत होतं, आणि त्यांना रस्त्यालगतच्या या शेडमध्ये फरशांचं मोठं दालन काढायचं होतं.

"प्लॅस्टिकच्या जमान्यात लाकडी चिमटे कोण विकत घेतं?" दादा म्हणायचे. "मी तरी घेतो का?"

"तुमचे कपडे कोण वाळत घालतं ते आधी बघा दादा, मग चिमट्यांवर बोला," वहिनी म्हणायच्या. दादांच्या घरी कपडे मोलकरीण वाळत घालायची आणि दादांना दोरी कुठल्या दिशेला बांधली आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

पण खप खरंच कमी झाला होता. बायकांना आठवड्यातले काही दिवस घरी बसावं लागत होतं. अशात व्यापार खात्याची जाहिरात आली: छोट्या उद्योजकांचं शिष्टमंडळ शेजारच्या देशात जाणार, तिथल्या व्यापाऱ्यांशी समोरासमोर भेटी होणार, येण्याजाण्याचा आणि राहण्याचा खर्च सरकारचा. वहिनींनी अर्ज भाऊंच्या नावानं भरायला घेतला.

"अगं, मला तिथं बोलता येणार आहे का?" भाऊ घाबरून म्हणाले. "मला इथं येत नाही."

त्यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. वहिनींनी अर्जावर स्वतःचं नाव घातलं.

दादांना कळलं तेव्हा ते आधी पोट धरून हसले आणि मग एकदम व्यवहारी झाले. "जा, जरूर जा. ऑर्डर घेऊन ये. कागदावर, सहीशिक्क्यासह. आणलीस तर मी शेडचं नाव काढणार नाही. नाही आणलीस तर पुढच्या महिन्यात करवत बाहेर आणि फरशा आत. काय रे, कबूल?"

भाऊंनी मान हलवली. ती हो होती की नाही, हे भाऊंनाच माहीत. दादांनी हो धरलं.

वहिनी निघाल्या त्या धास्तावूनच. त्याला दादांची अट हे एक कारण होतं, पण दुसरं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांच्या चिमट्याचं लाकूड एक नंबर होतं. नीट वाळवलेलं, गुळगुळीत, पांढऱ्याशुभ्र कपड्यालासुद्धा डाग न पाडणारं. घोडं पेंड खात होतं ते स्प्रिंगमध्ये. भाऊंच्या यंत्राला फक्त मऊ तार वळवता यायची आणि मऊ तारेची स्प्रिंग काही महिन्यांत ढिली पडायची. तक्रार घेऊन येणाऱ्या दुकानदारांना वहिनी कधी वाऱ्याचं कारण द्यायच्या, कधी जड गोधड्यांचं. भाऊंना मात्र त्या एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

शिष्टमंडळाचे प्रमुख म्हणजे व्यापार खात्याचे साहेब. गोल चेहरा, गोल चष्मा, आणि तोंडात 'द्विपक्षीय' हा शब्द चघळायच्या गोळीसारखा सदा घोळत असलेला. विमानात द्विपक्षीय, बसमध्ये द्विपक्षीय, हॉटेलात खोलीच्या किल्ल्या वाटतानाही द्विपक्षीय. सकाळी त्यांनी सगळ्यांना रांगेत उभं करून सूचना दिल्या. कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं. चहा येईपर्यंत भावाचं बोलायचं नाही. फोटोग्राफर दिसला की हसायचं. आणि संध्याकाळी मंत्र्यांसमोर सह्यांचा कार्यक्रम आहे, तेव्हा प्रत्येकानं काही ना काही जमवलेलं असलंच पाहिजे.

"आणि नाही जमलं तर?" गाद्या बनवणाऱ्या एका गृहस्थानं विचारलं.

"जमणारच," साहेब म्हणाले. "जोड्या मी स्वतः लावल्यात. तुमच्या वहिनींची तर जुळणी शंभर टक्के आलीय. पूर्ण यादीत सर्वांत वर!"

हे ऐकून वहिनींचा जीव भांड्यात पडला. त्यांनी पिशवीतली नमुन्याची पेटी चाचपली. घरी बायकांसमोर घोकून घोकून पाठ केलेलं भाषण मनात एकदा म्हणून पाहिलं आणि दिलेल्या क्रमांकाच्या टेबलाशी जाऊन बसल्या.

मोठा हॉल होता. टेबलांवर पांढऱ्या चादरी, प्रत्येक टेबलावर दोन छोटे झेंडे, पाण्याच्या बाटल्या. वहिनींच्या वाट्याला दुभाषी म्हणून एक जाडजूड बाई आल्या होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, शेजारच्या देशाची भाषा घोटून प्यालेल्या, आणि उभ्या जन्मात कशाचंही नवल न वाटलेल्या. घंटा झाली. समोरच्या खुर्चीवर एक आडदांड गृहस्थ येऊन बसला. त्याच्या मिशा एवढ्या भरघोस होत्या की वहिनींनी तिथल्या तिथे मनातल्या मनात त्याचं नाव मिशीवाले ठेवलं.

कार्डं दोन्ही हातांनी झाली. मग दोघांनी एकाच वेळी बोलायला सुरुवात केली, दोघंही थांबले आणि मिशीवाल्यांनी हात पुढे करून वहिनींना आधी बोलायची खूण केली.

वहिनींनी भाषण सोडलं. "आमचा चिमटा साधासुधा नाही. एकदा कपडा धरला की सोडत नाही." हे वाक्य बोलताना स्प्रिंगच्या आठवणीनं त्यांची जीभ जरा अडखळली, पण त्या नेटानं पुढे गेल्या. लाकूड झालं, घासणं झालं, तीन पिढ्यांचा अनुभव झाला. दुभाषीबाईंनी त्याचं भाषांतर केलं. मिशीवाल्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. शेवटी त्यांनी एक सुस्कारा सोडला, खालून स्वतःची पेटी उचलून टेबलावर ठेवली आणि झाकण उघडलं.

आत कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे होते.

मिशीवाल्यांनी काहीतरी म्हटलं. "ते म्हणतायत," दुभाषीबाई म्हणाल्या, "त्यांचाही चिमटा साधासुधा नाही. एकदा कपडा धरला की सोडत नाही."

वहिनी ताडकन उठल्या आणि साहेबांना शोधत निघाल्या. साहेब फोटोग्राफरला उजेड कुठून येतो ते समजावत होते.

"साहेब, ही जुळणी आहे? समोर चिमटेवालाच आणून बसवलात? ते विकायला आलेत, मी विकायला आलेय. हे म्हणजे तुम्ही दोन नवरदेव समोरासमोर उभे केलेत!"

साहेबांनी यादी काढली, बोट फिरवलं. "तुमच्या मालाचा क्रमांक आणि त्यांच्या मालाचा क्रमांक एकच आहे. म्हणून तर शंभर टक्के."

"अहो, पण विकत कोण घेणार?"

साहेबांचं बोट यादीवर थबकलं. विकणारा कोण आणि घेणारा कोण, हा रकाना त्या यादीत नव्हताच. त्यांच्या गोल चष्म्यामागचे डोळे क्षणभर बारीक झाले, पण हार मानतील तर ते साहेब कसले. "वहिनी, आता काही बदलता येणार नाही. सगळ्यांच्या वेळा लागल्यात. तुम्ही जाऊन बसा, बोला. द्विपक्षीय संबंध असेच तयार होतात."

वहिनी परत येऊन धपकन बसल्या. डोळ्यांपुढे करवत शेडबाहेर निघालेली दिसत होती. घासणाऱ्या बायकांची रांग, तिथे आता चकचकीत फरशांचे ढीग, आणि मधोमध हात मागे बांधून फिरणारे दादा. मिशीवाल्यांचाही चेहरा पडलेलाच होता. भाषांतराला काही उरलं नव्हतं. दुभाषीबाईंनी पर्समधून स्वेटरचं विणकाम काढलं.

आता चिमट्याच्या धंद्यात जन्म गेलेल्या माणसाची एक खोड असते. समोर चिमटा ठेवला आणि डोक्यात विचार घोळत असले की त्याचे हात गप्प बसत नाहीत. अंगठ्यानं दाबलं, पट्टी सरकवली, स्प्रिंग काढली, चिमटा सुटा. परत पट्टी, परत स्प्रिंग, परत चिमटा. कारखान्यात बायका एकमेकींची सुखदुःखं ऐकता ऐकता ढीगच्या ढीग चिमटे जोडतात, मान खाली न घालता. वहिनींनी चिंतेच्या भरात समोरचा एक चिमटा उचलला आणि सोडवला. मग दुसरा. त्यांचं लक्षही नव्हतं की ते चिमटे मिशीवाल्यांच्या पेटीतले आहेत. आणि मिशीवाले? ते खिडकीबाहेर बघत वहिनींचे चिमटे सोडवत होते.

"झालं!" दुभाषीबाई विणकामावरून नजर न काढता म्हणाल्या. "टेबलावर कचरा करून ठेवलात दोघांनी."

दोघांनी खाली पाहिलं. पट्ट्या आणि स्प्रिंगांचा एकच ढीग झाला होता. कुणाचं काय ते कळेना. वहिनी ओशाळल्या, मिशीवालेही ओशाळले. दोघंही घाईघाईनं हाताला येईल तो भाग उचलून चिमटे परत जोडू लागले, पाहुण्यांनी सांडलेलं पाणी पुसावं तसे. वहिनींनी दोन गुळगुळीत पट्ट्या उचलल्या, त्या अर्थातच त्यांच्या स्वतःच्या, आणि एक स्प्रिंग बसवली. ती बसताना बोटाला झिणझिण्या आल्या. त्यांनी तो चिमटा चादरीच्या कोपऱ्याला लावला आणि ओढला. चादर ओढली गेली, झेंडे आडवे झाले, पाण्याची बाटली घरंगळून सांडली, पण चिमटा जागचा हलला नाही.

ही स्प्रिंग भाऊंची नव्हती, मिशीवाल्यांची होती. मग त्यांनी मिशीवाल्यांच्या दोन पट्ट्या उचलून निरखल्या. लाकूड ओलसर कापलेलं होतं. एका पट्टीला आत्ताच चीर पडली होती, आणि चादरीवर जिथे त्या पट्ट्या सांडलेल्या पाण्यात पडल्या होत्या तिथे तपकिरी डाग उमटायला लागला होता.

"यांना विचारा," वहिनी दुभाषीबाईंना म्हणाल्या, "तुमच्याकडे लोक डागाची तक्रार करतात का?"

विचारलं गेलं. मिशीवाले लाल झाले. मग त्यांनी उलट विचारलं. "ते विचारतायत, तुमच्याकडे लोक चिमटा ढिला पडल्याची तक्रार करतात का?"

वहिनींनी आजवर सगळ्या दुकानदारांना वाऱ्याचं कारण दिलं होतं. इथे मात्र त्यांच्या तोंडून सरळ निघून गेलं, "करतात. नेहमी करतात."

आणि मग दोघंही हसत सुटले. इतके, की शेजारच्या टेबलावरच्या गादीवाल्यानं वळून पाहिलं आणि साहेबांनी फोटोग्राफरला तिकडे पिटाळलं.

पुढचं बोलणं दुभाषीबाईंना विणकाम बाजूला ठेवायला लावणारं होतं, कारण आता दोघंही श्वास न घेता बोलत होते. ठरलं ते असं: वहिनींनी मिशीवाल्यांना नुसत्या पट्ट्या पाठवायच्या, अर्धा चिमटा, स्प्रिंगविना. मिशीवाल्यांनी वहिनींना नुसत्या स्प्रिंगा पाठवायच्या. पूर्ण चिमटा दोघांनी आपापल्या देशात जोडायचा आणि आपापल्या देशात विकायचा. साहेबांना बोलावून सांगितलं तेव्हा त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला. "म्हणजे आयातही आणि निर्यातही? एकाच टेबलावर? वहिनी, द्विपक्षीय म्हणतात ते हेच!"

सगळं छान होतं. फक्त घरी विचारायचं राहिलं होतं, आणि तिथेच गाडं अडलं. मिशीवाल्यांचं लाकूडकाम जावई बघायचे. आणि वहिनींच्या स्प्रिंगा कोण वळायचं ते आपण पाहिलंच आहे.

दोघंही फोन घेऊन बाहेरच्या लांब ओसरीत गेले. एका टोकाला मिशीवाले, दुसऱ्या टोकाला वहिनी.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "ऑर्डर मिळतेय. पण नुसत्या पट्ट्यांची. आणि स्प्रिंगा आपण त्यांच्याकडून घ्यायच्या, आपल्या सगळ्या मालासाठी."

पलीकडे यंत्राचा आवाज येत होता. तो थांबला. "आणि माझ्या स्प्रिंगा?"

"तुमच्या स्प्रिंगा ढिल्या पडतात." वहिनींनी एका दमात सांगून टाकलं. "कधीपासून पडतात. लोक मला सांगतात, मी तुम्हाला सांगितलं नाही. चुकलंच माझं. तुम्ही रोज संध्याकाळी ते यंत्र पुसता ना, ते बघितलं की माझी जीभ रेटायची नाही. पण आता नाही बोलले तर शेड जाईल. बायका जातील. सगळंच जाईल."

 मग फोन बंद झाल्याचा आवाज.

वहिनी भिंतीला टेकल्या. अख्ख्या संसारात भाऊंनी त्यांच्या तोंडावर दारसुद्धा लावलं नव्हतं, फोन तर लांबच. त्यांना रडू आलं आणि त्या रडल्या. ओसरीच्या दुसऱ्या टोकाला मिशीवाले फोन कानापासून हातभर लांब धरून उभे होते आणि आतून जावयांचा आवाज इथपर्यंत ऐकू येत होता. मधोमध दुभाषीबाई एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होत्या.

"यातलं मी काही भाषांतर करणार नाही," त्यांनी जाहीर केलं. "दोन्हीकडे तेच चाललंय."

मिशीवाल्यांनी जावयांना कसंबसं राजी केलं. म्हणजे असं, की फोन मिशीवाल्यांच्या बायकोनं जावयांच्या हातातून घेतला आणि विषय मिटवला. पण टेबलाशी परत आल्यावर नवीनच भानगड निघाली. मिशीवाल्यांनी तो नवा चिमटा उजेडात धरला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. चिमट्याचं तोंड वाकडं मिटत होतं. दोन पट्ट्यांची टोकं एकमेकांवर नीट बसतच नव्हती, एक जरा डावीकडे, एक जरा उजवीकडे. जाड कापड धरेल, पण रुमाल, ओढणी, तान्ह्या बाळाचं झबलं सटकन निसटेल.

"ते म्हणतायत, माफ करा, असा चिमटा त्यांना विकता येणार नाही," दुभाषीबाई म्हणाल्या.

वहिनींनी पट्ट्या उलटसुलट केल्या, स्प्रिंग फिरवून पाहिली. तोंड काही सरळ होईना. हॉलमध्ये मांडामांड सुरू झाली होती, मंचावर फुलं येत होती, साहेब लांबूनच घड्याळाकडे बोट दाखवत होते. आणि वहिनींना कळून चुकलं की नवऱ्याचं मनही मोडलं आणि ऑर्डरही गेली. दोन्हीकडून तोंडघशी पडणं म्हणतात ते हे.

तेवढ्यात फोन वाजला.

"तार केवढी जाड आहे?" भाऊंनी नमस्कार ना चमत्कार, एकदम विचारलं.

"काय?"

"त्यांच्या स्प्रिंगची तार. आपल्यापेक्षा जाड असणार. जाडच असणार, नाहीतर धरणार नाही."

"जाड आहे," वहिनींनी डोळे पुसत सांगितलं.

"मग तोंड वाकडं मिटत असेल."

वहिनींनी फोन एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "तुम्हाला कसं कळलं?"

"खाच आपण आपल्या तारेच्या मापानं पाडतो ना. जाड तार तिच्यात बसत नाही, वर चढते, पट्टी तिरकी होते. खाच खोल करावी लागेल. थोडीच. पातं मी आत्ताच काढून घासायला बसलोय." मग ते म्हणाले, "मघाशी मला राग आला होता."

"मला कळलं ते."

"अजून आहे."

"असू दे," वहिनी म्हणाल्या. "घरी आले की काढा. पण तोवर पातं घासा."

वहिनींनी दुभाषीबाईंना सांगितलं, दुभाषीबाईंनी मिशीवाल्यांना. मिशीवाल्यांनी खिशातला छोटा चाकू काढला, एका पट्टीची खाच तिथल्या तिथे थोडी कोरली, मग दुसरीची, आणि चिमटा जोडला. तोंड सरळ मिटलं. त्यांनी टेबलावरचा कागदी रुमाल त्यात अडकवला आणि फुंकर मारली. भरघोस मिशांतून आलेली ती फुंकर म्हणजे छोटं वादळच होतं, पण रुमाल फडफडला आणि जागीच राहिला.

"ते विचारतायत," दुभाषीबाई म्हणाल्या, आणि आज पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात थोडं कुतूहल होतं, "फोनवर कोण होतं?"

"माझे यजमान," वहिनी म्हणाल्या, आणि ते म्हणताना त्यांची मान आपोआप ताठ झाली.

सह्या झाल्या. मंत्र्यांनी टाळ्या वाजवल्या. फोटोत वहिनींचे डोळे सुजलेले आले आहेत आणि साहेब मधे घुसून हसताहेत, पण कागद स्पष्ट दिसतो.

वहिनी घरी आल्या तेव्हा भाऊंनी त्यांची पिशवी घेतली, पाणी दिलं आणि काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. वहिनींनी छेडलं नाही. राग मुरायला वेळ लागतो हे त्यांना ठाऊक होतं. पण भाऊ खाच पाडायच्या यंत्रापाशीच बसलेले असायचे, पातं लावायचे, काढायचे, घासायचे, परत लावायचे, आणि खिडकीपाशी स्प्रिंगांच्या यंत्रावर त्यांनी एक जुनी चादर टाकली होती.

स्प्रिंगांची पहिली पेटी आली त्या सकाळी शेडमधलं काम आपोआप थांबलं. बायका रांगेतून उठून भोवती उभ्या राहिल्या. भाऊंनी पेटी फोडली, एक स्प्रिंग उचलली, डोळ्याजवळ नेली, बोटात दाबली. नव्या खाचेच्या दोन पट्ट्या घेऊन चिमटा जोडला. तोंड पाहिलं. मग आपल्या सदऱ्याच्या बाहीला लावला आणि हात जोरजोरात झटकला. चिमटा तसाच.

"चांगली आहे," भाऊ म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "माझ्यापेक्षा चांगली आहे." हे बोलायला त्यांना किती जड गेलं असेल ते त्यांचं त्यांना ठाऊक. वहिनींना मात्र त्या क्षणी ते लग्नात दिसले होते त्याहून देखणे दिसले.

नेमके त्याच वेळी दादा आत आले. सोबत फरशा बसवणारा मिस्त्री. दादांना ऑर्डरची बातमी लागली होती आणि तिच्यातली गोमही लागली होती.

"अर्ध्या चिमट्यांची ऑर्डर?" दादा मोठ्यानं हसले. "अगं, अर्ध्या चिमट्याला काय ऑर्डर म्हणतात? वर तूच त्यांच्याकडून माल विकत घेऊन आलीस! विकायला गेलीस आणि खरेदी करून आलीस. मी म्हटलं होतं ऑर्डर आण, बाजारहाट करून ये नव्हतं म्हटलं. काय रे, शेड कधी रिकामी करतोस?"

वहिनींनी कंबर कसली, तोंड उघडलं. पण आवाज त्यांच्या शेजारून आला.

"रिकामी होणार नाही," भाऊ म्हणाले.

 दादांनी इकडे तिकडे पाहिलं, जणू दुसरंच कुणी बोललं असावं.

"दादा, ऑर्डर आहे," भाऊ म्हणाले. त्यांनी बाहीचा चिमटा काढून दादांपुढे धरला. "कागदावर आहे, सहीशिक्का आहे. तू मागितली होतीस तशी. अर्धा चिमटा त्यांचा, अर्धा आपला, आणि आपला अर्धा चांगला आहे म्हणून त्यांनी मागितला. ही सगळं विचारून, बघून, भांडून घेऊन आलीय. शेड मी देणार नाही. उलट शेडमागची तुझी खोली मला लागेल. लाकूड वाळवायला जागा कमी पडणार आहे."

मिस्त्रीनं माप घ्यायची टेप हळूच खिशात सरकवली. दादा वहिनींकडे वळले.

"हा बोलतो?" ते म्हणाले.

"मलाही आत्ताच कळतंय," वहिनी म्हणाल्या.

दादांनी धाकट्या भावाकडे पाहिलं. उभ्या आयुष्यात त्यांनी त्याच्या मानेचा अर्थ काढला होता. आज पहिल्यांदा अर्थ समोरून आला होता. त्यांनी घसा खाकरला.

"खोलीची किल्ली घरी आहे," ते म्हणाले. "रात्री दोघं जेवायला या, तेव्हा घेऊन जा." आणि मिस्त्रीला घेऊन ते निघून गेले, आले होते त्यापेक्षा जरा हळू चालत.

भाऊ जागच्या जागी उभे होते. होते नव्हते ते सगळे शब्द त्यांनी वापरून टाकले होते, आणि चिमटा अजून तसाच पुढे धरलेला होता. वहिनींनी त्यांचे दोन्ही हात चिमट्यासकट आपल्या हातात घेतले आणि घट्ट धरून ठेवले, सगळ्या बायकांदेखत.